नाळेतले रक्त: साठवायचे की बाळालाच द्यायचे?

मगरपट्ट्यात नोकरी करणारे एक तरुण जोडपे काही दिवसांपूर्वी आम्हाला भेटले. दोघेही मूळचे भंडारा जिल्ह्यातले, आता राहायला हडपसरला. ताईंना सातवा महिना लागलेला, रक्तदाब वाढलेला. बाळंतपण वेळेआधी करावे लागेल, अशी कल्पना डॉक्टरांनी देऊन ठेवली होती. त्याच आठवड्यात तपासणीच्या रांगेत बसलेल्या असताना एका खासगी कॉर्ड ब्लड बँकेचा प्रतिनिधी त्यांच्याजवळ आला. बाळ अपुऱ्या दिवसांचे झाले तर त्याच्याच नाळेतल्या पेशी त्याला वाचवतील, असे त्याने सांगितले. हप्त्यांची सोय होती. त्याच दिवशी सही केली तर सवलतही होती.

घरी आल्यावर दोघांची झोप उडाली. पैसे भरले नाहीत आणि उद्या बाळाला काही झाले तर? स्वतःला माफ करता येईल का? दोघांनी आम्हाला एवढेच विचारले, "दादा, याचा खरंच उपयोग होतो का?"

हा प्रश्न आज एका घराचा नाही. आपल्या समाजातली पहिली-दुसरी शिकलेली पिढी पुण्यासारख्या शहरात स्थिरावते आहे. हातात पगार आहे, पण वैद्यकीय निर्णय घेताना विचारायला घरात कोणी डॉक्टर नाही. भीती आणि आशा या दोन्हींवर इथे चांगला धंदा चालतो. म्हणून हा विषय मुळापासून समजून घ्यायचे आम्ही ठरवले. जे समजले ते इथे मांडतो आहोत.

नाळेतल्या रक्तात असते काय?

पोटातले बाळ वारेशी नाळेने जोडलेले असते. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात. दोन बाळाकडून वारेकडे रक्त नेतात आणि एक वारेकडून बाळाकडे आणते. हे रक्त आईचे नसून बाळाचेच असते, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी. पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

या रक्तात नेहमीच्या तांबड्या-पांढऱ्या पेशींबरोबर स्टेम सेल, म्हणजे मूळ पेशी असतात. त्यांपासून रक्तातल्या सर्व प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात. मोठ्या माणसात अशा पेशी मुख्यतः हाडांतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोमध्ये असतात.

ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी फॅन्कोनी अॅनिमिया झालेल्या पाच वर्षांच्या मुलावर नाळेतल्या रक्ताचे पहिले प्रत्यारोपण केले. रक्त होते त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले. ते यशस्वी झाले. तेव्हापासून रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, सिकलसेल आणि काही जन्मजात आजारांत नाळेतले रक्त जगभर वापरले गेले आहे. हा उपचार खरा आहे आणि सिद्ध झालेला आहे. मात्र त्यात बहुतेक वेळा एकाचे रक्त दुसऱ्याला दिले जाते. जाहिरातीत नेमकी हीच गोष्ट बारीक अक्षरात असते किंवा नसतेच.

रक्त घेण्याची पद्धत साधी आहे. नाळेला चिमटा लावून ती कापली, की वारेकडच्या भागातल्या मोठ्या शिरेत सुई घालून रक्त पिशवीत जमा करतात. बाळाला किंवा आईला त्यात दुखत नाही. पिशवी प्रयोगशाळेत जाते. तिथे तांबड्या पेशी बाजूला काढतात, उरलेल्या पेशी मोजतात, जंतुसंसर्ग तपासतात. आईच्या रक्तात एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस नाही ना, हे पाहतात. मग गोठताना पेशी फुटू नयेत म्हणून एक संरक्षक द्रव मिसळून त्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांपर्यंतच्या थंडीत ठेवतात. गोठवताना आणि पुन्हा वितळवताना पेशी कशा टिकतील, यावर आपल्या पुण्यातही काम झाले आहे. गणेशखिंडच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांनी हा विषय अनेक वर्षे अभ्यासला.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला या पेशी कशासाठी?

३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे मानतात. २०२० मध्ये भारतात अशी सुमारे ३० लाख बाळे जन्माला आली. हा आकडा जगात सर्वाधिक आहे. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाची अवस्था सगळ्यात नाजूक असते. वजन जेमतेम किलोभर, फुप्फुसे कच्ची, मेंदूतल्या रक्तवाहिन्या कागदासारख्या पातळ. श्वासासाठी यंत्र लावावे लागते आणि त्याच यंत्राच्या दाबाने, प्राणवायूने फुप्फुसांना सूज येते. अशी बाळे जगली तरी काहींना फुप्फुसांचा जुना आजार जडतो, काहींच्या मेंदूत रक्तस्राव होतो, काहींच्या आतड्यांना आणि डोळ्यांच्या पडद्याला इजा होते.

या सगळ्या दुखण्यांत सूज हा एक समान धागा आहे. नाळेतल्या काही पेशी सूज कमी करणारी रसायने सोडतात आणि नव्या रक्तवाहिन्या तयार व्हायला मदत करतात, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले. त्यातून कल्पना निघाली की बाळाच्याच नाळेतल्या पेशी पहिल्या काही दिवसांत त्याला परत द्याव्यात. या पेशी नवे फुप्फुस किंवा नवा मेंदू तयार करत नाहीत. जखमेवर फुंकर घालावी तसे काम त्या करतील, अशी अपेक्षा आहे.

कल्पना चांगली आहे. पण चांगली कल्पना म्हणजे उपचार नव्हे.

चाचण्या कुठपर्यंत आल्या?

चाचणीचे टप्पे म्हणजे काय, हे हडपसरकरांना वेगळे सांगायला नको. २०२० मध्ये आपल्या शेजारी सीरम इन्स्टिट्यूटमध्ये कोव्हिशिल्ड तयार होत होती, तेव्हा पहिला टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा टप्पा हे शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येत. एकट्या भारतातल्या चाचणीत सुमारे १,६०० लोक होते आणि परदेशातल्या चाचण्यांत हजारो. मग ३ जानेवारी २०२१ रोजी तातडीच्या वापराला परवानगी मिळाली. तोच गज घेऊन आता नाळेतल्या पेशी मोजू.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या २३ बाळांना त्यांच्याच नाळेतल्या पेशी दिल्या गेल्या. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही बाळे पूर्ण दिवसांची किंवा त्याच्या जवळपासची होती. पेशी देणे शक्य आहे, एवढे त्यातून कळले. पण नंतर तुलना करून केलेली चाचणी ३५ बाळांवर थांबली आणि तीत फायदा दिसला नाही.

दक्षिण कोरियात सोलच्या सॅमसंग मेडिकल सेंटरने दुसरा मार्ग धरला. दात्यांच्या नाळेतल्या रक्तातून एका विशिष्ट प्रकारच्या पेशी वाढवून त्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या श्वासनलिकेत सोडल्या. पहिल्या टप्प्यात ९ बाळे होती, पेशी सुरक्षित वाटल्या आणि आशा वाढली. दुसऱ्या टप्प्यात ६६ बाळे घेतली. २०२१ मध्ये निकाल आला तेव्हा मृत्यू किंवा गंभीर फुप्फुसविकार या मुख्य निकषावर पेशी मिळालेल्या आणि न मिळालेल्या बाळांत ठोस फरक आढळला नाही. चीनमध्ये ग्वांगझूला आणि ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश येथे मात्र बाळाच्या स्वतःच्या पेशींवर काम चालू आहे. मोनॅशच्या गटाने २८ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत संकलन जमते का आणि पेशी देणे सुरक्षित आहे का, हे आधी तपासायला घेतले.

म्हणजे आजची स्थिती अशी: संशोधन प्रामाणिक आहे, काही निकाल आशा देणारे आहेत, काही निराश करणारे. उद्या उपयोग सिद्ध होईलही. पण आज कोणी "या पेशी तुमच्या बाळाला वाचवतील" असे सांगून पैसे घेत असेल, तर तो चाचणीत असलेली गोष्ट तयार उपचार म्हणून विकतो आहे.

एकच रक्त, दोन वापर

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. प्रतिनिधीने आमच्या ताईंना तो सांगितलाच नव्हता.

बाळ जन्मते त्या क्षणी त्याचे सगळे रक्त त्याच्या अंगात नसते. पूर्ण दिवसांच्या बाळाचे जवळपास एक तृतीयांश रक्त वारेत आणि नाळेत असते. तिसाव्या आठवड्याच्या आसपास किंवा त्याआधी जन्मलेल्या बाळाचे तर निम्म्यापर्यंत रक्त तिकडे असू शकते. नाळेला लगेच चिमटा लावला तर हे रक्त तिकडेच राहते. थोडा वेळ थांबले तर ते बाळाकडे येते. किलोभर वजनाच्या बाळाच्या अंगात सगळे मिळून ८०-९० मिलिलिटर रक्त असते, चहाचा एक छोटा कप. त्यात चार चमचे वाढणे किंवा कमी होणे ही मोठी गोष्ट आहे.

थांबण्याचा दुसरा फायदा श्वासाचा आहे. बाळ पहिला श्वास घेते तेव्हा फुप्फुसे उघडतात आणि त्यांच्याकडे रक्ताचा ओघ वळतो. नाळ चालू असेल तर हा बदल सावकाश होतो. आधीच कापली तर हृदयाकडे येणारे रक्त एकदम घटते.

याला भक्कम पुरावा आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ३० आठवड्यांच्या आत जन्मलेली १,५६६ बाळे होती. दहा सेकंदांच्या आत नाळ बंद केलेल्या गटात ९ टक्के बाळे दगावली, किमान साठ सेकंद थांबलेल्या गटात ६.४ टक्के. या एका चाचणीवरून निष्कर्ष काढायला संशोधक कचरत होते. पुढे २०२३ मध्ये 'लॅन्सेट'ने अनेक चाचण्यांतल्या तीन हजारांहून अधिक बाळांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास छापला. उशिरा चिमटा लावल्याने दवाखान्यातून घरी जाण्याआधी मृत्यू होण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी होते, असे त्यात दिसले.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की नाळ एक मिनिटाच्या आत बंद करू नये, एक ते तीन मिनिटे थांबावे. भारत सरकारच्या २०१८ च्या अॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमातही उशिरा चिमटा लावण्याचा समावेश आहे, कारण त्या रक्तातले लोह बाळाला पुढचे काही महिने पुरते. याला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. मांजरीतल्या मजुराच्या बाळाला आणि मगरपट्ट्यातल्या इंजिनिअरच्या बाळाला हे सारखेच मिळू शकते.

म्हणजे नाळेतल्या पेशी बाळाला देण्याचा आज सिद्ध झालेला मार्ग म्हणजे नाळ कापायची घाई न करणे. पिशवी भरावी म्हणून चिमटा लवकर लावला, तर उद्याच्या न सिद्ध झालेल्या उपचारासाठी आज बाळाचेच रक्त काढून घेतल्यासारखे होते. मोनॅशच्या संशोधकांनीही आधी थांबून, नंतर उरलेले रक्त घेता येते का, हे पाहिले. योग्य क्रम हाच आहे: आधी बाळ, मग पिशवी. मात्र थांबल्यावर पिशवीत थोडेच रक्त येते आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची वार लहान असल्याने ते आणखी कमी असते, हे पैसे भरणाऱ्याला आधी माहीत असायला हवे.

इथे दोन सावधगिऱ्या. आईला किंवा वारेतून जोराचा रक्तस्राव होत असेल, वार आधीच सुटली असेल, नाळ तुटली असेल किंवा बाळाला तातडीने श्वास द्यावा लागणार असेल, तर थांबणे योग्य ठरत नाही. तो निर्णय त्या क्षणी डॉक्टरांचाच. दुसरे म्हणजे वेळ वाचवायला नाळ पिळून रक्त बाळाकडे ढकलण्याची पद्धत. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २८ आठवड्यांच्या आतल्या बाळांत त्यामुळे मेंदूतला गंभीर रक्तस्राव वाढलेला दिसला आणि चाचणी थांबवावी लागली. त्यामुळे एवढ्या लहान बाळांत नाळ पिळू नये.

मग पैसे देऊन साठवायचे का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले आहे की पुढे स्वतःच्याच वापरासाठी नाळेतले रक्त साठवण्याला सध्या वैज्ञानिक आधार नाही. परिषदेचा दुसरा नियमही तितकाच महत्त्वाचा आहे. रक्ताच्या मान्य आजारांतील प्रत्यारोपण सोडले, तर मूळ पेशींचा वापर केवळ नोंदणीकृत चाचणीत करता येतो, आणि चाचणीत सहभागी रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घेता येत नाहीत.

स्वतःचे रक्त स्वतःला उपयोगी पडण्याची शक्यता किती? तज्ज्ञांचे अंदाज अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक इतके कमी आहेत. कारण साधे आहे. थॅलेसेमिया किंवा सिकलसेल जन्मजात असतो, म्हणजे तोच दोष नाळेतल्या पेशींतही असतो. बिघडलेले बियाणे जपून ठेवून पुन्हा पेरण्यासारखे ते होते. बालपणीच्या रक्ताच्या कर्करोगातही मुलाच्या स्वतःच्या पेशी सहसा वापरत नाहीत, कारण रोगाची सुरुवात त्यांत आधीच झालेली असू शकते.

सिकलसेल असलेल्या घरांचा हिशेब वेगळा

एक अपवाद मात्र खरा आहे आणि तो आपल्या समाजाला थेट लागू होतो. विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीहून पुण्यात आलेल्या कुटुंबांबरोबर हा आजारही शहरात आला आहे, फक्त इथे त्याची चर्चा होत नाही.

घरात आधीच एखादे मूल सिकलसेलग्रस्त किंवा थॅलेसेमियाग्रस्त असेल आणि दुसरे बाळ येणार असेल, तर त्या बाळाच्या नाळेतले रक्त मोठ्या भावंडाच्या कामी येऊ शकते. सख्ख्या भावंडांचे जुळण्याची शक्यता चारात एक असते. संशोधन परिषदही अशा घरांना साठवणुकीचा अपवाद मान्य करते. मात्र नव्या बाळाला तोच आजार नसावा, नाळेत पुरेशा पेशी मिळायला हव्यात आणि प्रत्यारोपण करणाऱ्या रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला बाळंतपणाच्या कितीतरी आधी घेतलेला असावा. जुळणारे भावंड मोठे झाल्यावर त्याच्या बोन मॅरोतूनही पेशी घेता येतात, हेही लक्षात असू द्यावे. नाळेचे रक्त हुकले म्हणजे सगळे संपले असे नाही.

हे करायचे तर आधी घरात सिकलसेल आहे का, हे माहीत हवे. साधी रक्ततपासणी लग्नाआधी, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला करून घ्यावी. १ जुलै २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे. हजारोंच्या पॅकेजपेक्षा ही तपासणी आपल्या घरांना जास्त उपयोगाची आहे.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला आपण रक्तदान शिबिरे भरवतो. रक्त म्हणजे काय, ते कोणाला कसे उपयोगी पडते, हे आपल्या तरुणांना चांगले कळते. तीच जाण वस्तीतल्या गरोदर महिलांपर्यंत नेता येईल. महिला मंडळाच्या बैठकीत, विहारात, आशा ताईंना सोबत घेऊन अर्ध्या तासात हे सांगता येते.

बाळंतपणाआधी डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असे. नाळेला चिमटा किती वेळाने लावणार? सिझेरियन झाले तरी थांबणार का? दिवस अपुरे असताना कळा सुरू झाल्या तर बाळाची फुप्फुसे पिकवणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन आईला देता येईल का? या दवाखान्यात नवजात अतिदक्षता कक्ष आहे का, नसेल तर बाळाला कुठे हलवणार?

आणि रक्त साठवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीला विचारायचे प्रश्न असे. तुम्ही सांगता तो उपचार मान्य आहे की चाचणीत? चाचणीत असेल तर त्याची नोंदणी कुठे आहे? चिमटा उशिरा लावूनही रक्त घेणार का? रक्त कमी निघाले तर पैसे परत मिळतील का? उत्तरे कागदावर मागा. त्याच दिवशी सही करू नका. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर पारखून स्वीकारा, हे कालामांना सांगितले गेले होते. ते दवाखान्याच्या रांगेतही लागू आहे.

बाळ वेळेआधी आलेच, तर त्याला वाचवणाऱ्या सिद्ध गोष्टी आपल्याकडे आहेत. आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीशी बाळाला बांधून ठेवणारी कांगारू पद्धत त्यातली एक. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच अशी ऊब दिल्याने मृत्यू एक चतुर्थांशाने घटले. आईचे दूध हे दुसरे. आईला येत नसेल तर दूधपेढीचे दूध मिळू शकते. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. हा आपला हक्क आहे, उपकार नाही.

त्या जोडप्याने सही केली नाही. पैसे बाजूला ठेवले, नवजात अतिदक्षता कक्ष असलेला दवाखाना निवडला आणि डॉक्टरांशी नाळेबद्दल आधीच बोलून घेतले. बाळ बत्तिसाव्या आठवड्यात आले. डॉक्टर एक मिनिट थांबले. पुढचे काही दिवस बाळ काचेच्या पेटीत होते, मग आईच्या छातीवर आणि नंतर बाबांच्याही. आता घरी आले आहे. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे आम्हीच वर इतके लिहून सांगितले आहे. पण त्या घरात निर्णय भीतीने झाला नाही, समजून झाला. तेवढे प्रत्येक घरात व्हावे, यासाठी हा लेख पुढच्या गरोदर ताईपर्यंत पोहोचवा.